सव्वातीन वर्षांचे शिपाई

लष्करातून परतलेल्या माणसाला गाव त्याच्या नावानं फारशी हाक मारत नाही. तो ‘फौजी’ होतो, कुठं कुठं थेट ‘मेजर’. मग तो शिपाई म्हणून भरती होऊन शिपाई म्हणूनच बाहेर पडलेला का असेना. पंधरा-सतरा वर्षांची नोकरी करून तो पस्तिशी-छत्तिशीत घरी येतो. अंगात रग असते, पोरं शाळेत असतात, पेन्शनीत घर भागत नाही. राज्य सरकारच्या तृतीय आणि चतुर्थ श्रेणीच्या नोकऱ्यांत माजी सैनिकांना १५ टक्के जागा राखीव आहेत, म्हणून तो पोलीस भरतीला उभा राहतो. पुन्हा शिपाई होतो, आपल्यापेक्षा दहा वर्षांनी लहान साहेबाला सलाम ठोकतो आणि ५८व्या वर्षी दुसऱ्यांदा निवृत्त होतो. शेती त्यानं मधे कधी सोडलेलीच नसते. फौजेत असतानाही तो रजा मागायचा ती भाताच्या आवणीचा हिशेब धरून.

अशा माणसाचा सत्कार ठरला की भाषणं ठरलेलीच असतात. आधी देशाचं रक्षण केलं, मग कायद्याचं केलं, आता काळ्या आईची सेवा करतात. टाळ्या. या भाषणांत शेती नेहमी शेवटी येते, आयुष्याची कामगिरी संपल्यावर मिळालेली विश्रांती असावी तशी. नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात हे ऐकायला गंमत वाटते. एकतर तिथं काळी आई फारशी नाहीच. डोंगरउताराची तांबडी, मुरमाड जमीन. पाऊस कोकणासारखा कोसळतो आणि उतारावरून तितक्याच वेगानं गुजरातेकडे निघून जातो. भात, नागली, वरई, उडीद, खुरासणी एवढं निघालं की शेत मोकळं. उन्हाळ्यात बायका डोक्यावरून पाणी आणतात आणि घरची तरणी माणसं दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला जातात. या शेतीला विश्रांती म्हणायचं धाडस व्यासपीठावरच होतं.

पण माझी तक्रार वेगळी आहे. फौजी, मग पोलीस, मग शेतकरी हा प्रवास आपण एकेका माणसाच्या जिद्दीची गोष्ट म्हणून सांगतो. सह्याद्रीच्या या पट्ट्यात ती जिद्दीची गोष्ट नाही, रहाट आहे. किमान अडीचशे वर्षं तो फिरतो आहे आणि फिरवणारा हात बहुतेक वेळा सरकारचाच राहिला आहे.

अठराव्या शतकात राजूरच्या बाजूला जावजी बांबळे नावाचा महादेव कोळी नाईक पेशव्यांवर उलटला. किल्ले घेतले, मुलूख हलवून सोडला. बळानं तो आवरेना तेव्हा तुकोजी होळकरांच्या मध्यस्थीनं समेट झाला आणि ज्याला पकडायला फौजा धाडल्या होत्या त्याच्याच हाती साठ गावांचा बंदोबस्त देण्यात आला. डोंगरातल्या चोर-दरोडेखोरांना शासन करण्याचा अधिकारही त्यालाच. पेशवाईला ठाऊक होतं की डोंगरवाटा, घाट आणि पाणवठे ज्याला माहीत तोच इथं पोलीस होऊ शकतो. इंग्रजांनाही हे कळलं, फक्त जरा उशिरा आणि जरा महागात.

१८५७च्या ऑक्टोबरात सिन्नरजवळ नांदूर शिंगोट्याला भागोजी नाईकाच्या भिल्लांनी पोलीस अधिकारी लेफ्टनंट हेन्रीला ठार केलं. हा भागोजी स्वतः पूर्वी अहमदनगरच्या पोलिसांत अधिकारी होता. सरकारशी बिनसलं, शिक्षा भोगली, सुटल्यावर चांगल्या वागणुकीचा जामीन मागितला गेला आणि तो डोंगरात निघून गेला. म्हणजे पोलिसाचा बंडखोर. डिसेंबरात त्र्यंबकच्या खजिन्यावर हल्ला झाला, हरसूलचा बाजार लुटला गेला आणि पेठ पेटली. पेठ तेव्हा संस्थान होतं. त्या गादीवर हक्क सांगणारे भगवंतराव नीळकंठराव या उठावात सामील असल्याचं ठरवून इंग्रजांनी त्यांना पेठेतच फासावर चढवलं.

याच डिसेंबरात कॅप्टन नटॉलनं महादेव कोळ्यांचं पथक उभं करायला घेतलं. त्याची रीत साधी होती. कुळाकुळांच्या नाईकांना गाठायचं आणि जो जितकी माणसं आणील त्याला तितका हुद्दा द्यायचा. बांबळ्यांच्याच घराण्यातला, पूर्वजाचंच नाव चालवणारा एक जावजी नाईक या पथकाचा म्होरक्या झाला. पहिले शंभर जण आपापल्या तलवारी-बंदुका घेऊन आले. वर्ष-दीड वर्षात संख्या सहाशेवर गेली. इंग्रजांच्या जिल्हा गॅझेटियरात त्यांचं वर्णन आहे आणि ते लिहिणाऱ्या साहेबाला त्यांचं कौतुक लपवता आलेलं नाही. हलक्या बंदुका, काळ्या चामड्याचे पट्टे, गडद हिरवी पागोटी, हिरवे डगले, गुडघ्यापर्यंत काळपट लाल धोतर, पायात वहाणा. तंबू नाहीत, सामानाची जनावरं नाहीत. सगळा संसार पाठीवर, स्वयंपाकाची भांडी आपसात वाटून घेतलेली. वाटेल तसल्या डोंगरातून दिवसाला तीस-चाळीस मैल चालायचे आणि मुक्कामाला पोचल्यावर आधी बंदूक पुसायचे, मग स्वतःचं बघायचे.

हे पथक लढलं कुणाशी? ज्यांच्या शेजारी पिढ्यान् पिढ्या नागली पेरली अशा भिल्लांशी, ठाकरांशी आणि कोळ्यांशीही. बंडात असलेला आणि बंड मोडायला निघालेला, दोघांच्या शेताचा बांध एकच असू शकत होता. आज आपण एकाला क्रांतिकारक म्हणून पुतळा देतो आणि दुसऱ्याचं नाव घेत नाही. मला हा निवाडा फारच सोपा वाटतो. सावकारी आणि सारा यांत पिचलेल्या माणसापुढं बंदूक आणि पगार ठेवला, तर तो उचलणं ही फितुरीच असं छातीठोकपणे कोण म्हणेल? सहाशे घरांत रोख पैसा आला, त्या घरांतल्या बायकांना विचारलं असतं तर निराळा इतिहास मिळाला असता. त्यांना कुणी विचारलं नाही.

१८५९च्या नोव्हेंबरात मिठसागरला भागोजी मारला गेला, मुलूख थंडावला आणि मार्च १८६१ मध्ये सरकारनं कोळी पथक मोडलं. सव्वातीन वर्षांची नोकरी. गॅझेटियर एका वाक्यात सांगतं की काही थोडे पोलिसांत गेले, बाकीचे पुन्हा शेती आणि शेतमजुरीकडे वळले. ज्यांच्या पागोट्याचा रंगसुद्धा टिपून ठेवला, त्यांच्या पुढच्या चाळीस वर्षांना एवढीच जागा. तोच मार्च महिना हिंदुस्थानच्या पोलीस कायद्याचा. १८६०च्या पोलीस आयोगानं लष्करी वळणाची पोलीस पथकं बंद करून मुलकी पोलीस आणायची शिफारस केली होती. मुंबई इलाख्याचा कायदा पुढे वेगळा झाला, पण वारं तेच होतं. शांततेच्या काळात शिपाई महाग पडतो.

घरी गेलेल्यांचं काय झालं असेल हे कागदावर नसलं तरी त्यांच्या भोवतालचं काय झालं ते कागदावर आहे. इथली शेती राबाची. पावसाआधी झाडांच्या फांद्या छाटून, पालापाचोळा आणि शेण पसरून जमीन भाजायची, त्यात भाताचं-नागलीचं रोप करायचं, मग ते उपटून लावायचं. राब नाही तर रोप नाही. १८७८ साली नवा वन कायदा आला आणि जंगलं राखीव होऊ लागली. त्याच साली पेठेची शेवटची बेगम वारली आणि संस्थान खालसा झालं. फांदी छाटणं हा हक्क होता, तो आता सवलत झाला आणि सवलत केव्हाही काढून घेता येते. राबावरून एवढी ओरड झाली की सरकारला मुंबई वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७चा. सह्याद्रीच्या डोंगरात सरकारच्या बाजूनं बंदूक धरलेला एखादा शिपाई तेव्हा पन्नाशीत असेल. आता त्याच डोंगरात सरकारची वर्दी घातलेला दुसराच कुणी, वनरक्षक, त्याच्या कोयत्याकडं बघत उभा होता.

इथं एक गोष्ट मान्य करायला हवी. वर्दी माणसाला नुसती वापरून घेत नाही, काही देऊनही जाते. पेठेसारख्या भागात परतलेल्या फौजीचं खरं मोल मला त्याच्या पदकात दिसत नाही, त्याला सरकार वाचता येतं यात दिसतं. अर्ज कुणाच्या नावे करायचा, पोच कशी मागायची, ‘साहेब नाहीत, उद्या या’ म्हटल्यावर उद्या पुन्हा जाऊन बाकावर कसं बसायचं, हे त्याला येतं. अर्ध्या पाड्याचे कागद त्याच्याकडून जातात. तो पोलीस झाला तर हे ज्ञान दुप्पट होतं, आणि अडचणही दुप्पट. फौजेत समोरचा अनोळखी असतो. ठाण्यात समोर बसलेल्या आरोपीचा मामा आपल्याच गावातला असतो. फौजेत हुकूम स्पष्ट असतो, पोलिसांत कायदा एक सांगतो, फोन दुसरं सांगतो आणि गाव तिसरंच. गोळी काय करते हे पाहिलेला माणूस बळाचा वापर टाळतो, हा या अदलाबदलीचा मोठा फायदा. तोटा असा की त्याला ऐकून घ्यायची सवय नसते. सरळ उत्तराची सवय असलेल्याला तंट्यातली वाकडी उत्तरं सोसत नाहीत, आणि ही सवय तो घरीही आणतो. बायकामुलांना फॉलइन करणारे फौजी कुणी पाहिले नसतील असं नाही. कॅन्टीनच्या बाटलीबद्दल तर सत्काराच्या भाषणात कुणी बोलत नाही.

तिसरीकडं शेत. तिथं वर्दीतली एकच गोष्ट उपयोगी पडते, वेळेवर उठणं. बाकी सगळं शेतच शिकवतं. पण शेत कुणाच्या नावावर? वनहक्क कायदा २००६ साली आला. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून कसत असल्याचा पुरावा द्या, चार हेक्टरपर्यंत जमिनीचा हक्क घ्या. पुरावा दाखवायचा कुणी? ज्याच्या आज्यानं राबासाठी दंड भरला असेल त्याच्याकडं ती दंडाची पावती हाच उत्तम पुरावा, असा हा विचित्र न्याय. सरकारनं गुन्हा म्हणून लिहिलं तेच आता मालकीच्या बाजूनं बोलतं. दावे मंजूर झाले तेही कित्येकदा कसलेल्यापेक्षा कमी क्षेत्राचे. म्हणूनच ६ मार्च २०१८ ला नाशिकहून निघालेल्या किसान सभेच्या मोर्चात सुरगाणा, पेठ, दिंडोरीची माणसं हजारोंनी होती. सुमारे १८० किलोमीटर, तेही पायी. दहावीच्या परीक्षेला जाणाऱ्या पोरांना त्रास नको म्हणून मुंबईत ते रात्री चालले. बारा तारखेच्या पहाटे आझाद मैदानावर पोचले. लेखी आश्वासन मिळालं. २०२३ मध्ये तीच मागणी घेऊन पुन्हा निघावं लागलं. दोन्ही वेळा बाजूनं बंदोबस्ताचे पोलीस होते, आणि नाशिक ग्रामीणच्या त्या बंदोबस्तात मोर्चेकऱ्यांच्या घरची पोरं नसतीलच असं कोण सांगेल. त्या डोंगरातल्या माणसांची चाल गॅझेटियरच्या साहेबानं वाखाणली होती. मुंबईनंही टाळ्या वाजवल्या, पाणी-बिस्किटं वाटली. चालण्याचं कौतुक करणं आपल्याला नेहमीच जमतं.

आता रहाट पुन्हा फिरतो आहे. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना जाहीर झाली. चार वर्षं नोकरी, त्यातले जास्तीत जास्त २५ टक्के कायम. बाकीच्यांना सुमारे ११ लाख ७१ हजारांचा सेवा निधी, पेन्शन नाही. नाशिकरोडच्या तोफखाना केंद्रातून या अग्निवीरांच्या तुकड्या बाहेर पडतात आणि पहाटे पेठच्या रस्त्यावर पोरं सोळाशे मीटरचा सराव करतात; सैन्य नाही तर पोलीस, धावायचं अंतर दोन्हीकडं तेच. मी या योजनेला सरसकट वाईट म्हणणार नाही. ज्या घरात वर्षाकाठी रोख रक्कम द्राक्षबागेच्या मजुरीतून येते, तिथं चार वर्षांचा पगार थोडा नव्हे. पण पूर्वीचा फौजी पस्तिशीत पेन्शन आणि १५ टक्क्यांची वाट घेऊन परतत होता. २०२२च्या अटींत अग्निवीराला माजी सैनिकाचा दर्जा नाही. केंद्रीय दलांतल्या राखीव जागा, राज्यांची आश्वासनं, हे सगळं आहे. ते किती जणांना पुरेल ते पहिली तुकडी बाहेर पडेल तेव्हा, म्हणजे २०२६च्या अखेरीला, कळू लागेल.

तेव्हा पेठेत परतणाऱ्या बावीस-तेविशीच्या पोराची गाठ पुन्हा जमिनीशीच पडेल, आणि ती जमीन भावाभावांत वाटून गुंठ्यांवर आलेली असेल किंवा वनहक्काच्या दाव्यात अडकलेली. सेवा निधीतून ट्रॅक्टर घेता येईल, पण सातबारावर नाव नसेल तर बँक पीककर्ज देणार नाही आणि विहिरीची योजना मिळणार नाही. देशानं द्यायचं ते सैन्य भरती करणाऱ्यांनी द्यावं. माझं मागणं त्याहून खालच्या कचेरीकडं आहे. पोरगं भरती झालं त्याच दिवशी त्याच्या घरचा वनहक्काचा दावा उपविभागीय समितीनं वर काढावा आणि जिल्हा समितीनं त्याची चार वर्षं भरायच्या आत निकाली काढावा. मंजूर करा नाहीतर फेटाळा, पण मोजणी पुरी करून आणि कारण लिहून.