चहा उकळेपर्यंत

नगर, रविवार दुपार

प्रिय छकुले,


परवा फोनवर तू हसत हसतच बोललीस, पण ते वाक्य माझ्या मनातून जाईना. “आत्या, रात्रपाळी करून आलं की प्रार्थनेला बसवतच नाही, आणि बसलं तरी आत काही हलत नाही.” तुझ्या बाबाला मी हे सांगितलेलं नाही. तो लगेच पाळकसाहेबांना फोन लावील, आणि पुढच्या रविवारी अख्खी मंडळी तुझ्यासाठी उभी राहील!

आत काही हलत नाही म्हणून बसायचं सोडू नकोस, बाळा. एवढंच सांगायला हे पत्र, बाकीचं पाल्हाळ समज.

आबांची संध्याकाळची उपासना तुला आठवणार नाही, तू पाळण्यात होतीस. आमच्या लहानपणापासून सात वाजले की मध्ये कंदील, एक गीत, एक शास्त्रभाग, आणि मग आबांची प्रार्थना. ती निघायची सरकारपासून. पाऊस, शेजारचे आजारी, परीक्षेला बसलेली पोरं असं करत करत आमच्या म्हशीपर्यंत पोचायची. तोवर भाकरी गार. तुझा बाबा तर ‘आमेन’च्या आधीच घोरायला लागायचा. आम्हाला त्यातलं काय कळत होतं? काही नाही. पण तुझे काका गेले, त्यानंतर सात-आठ महिने माझ्या तोंडून प्रार्थनेचा शब्द निघाला नाही. देवावर राग होता, खोटं कशाला बोलू? तरी सात वाजले की पाय आपोआप प्रार्थनेच्या खुर्चीकडे वळायचे. चष्मा लावायचा, एक स्तोत्र वाचायचं, पुस्तक मिटायचं, कुकर लावायचा. स्तोत्रांत माझ्याहून रागावलेली माणसं भेटली, त्यांचा फार आधार वाटला. पुन्हा देवाशी बोलायला कधी लागले, तो दिवस मला सांगता येणार नाही.

मागच्या आठवड्यात तुझ्या कपाटातली लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा काढली. त्यांच्या यजमानांचा, कवी टिळकांचा, बाप्तिस्मा १८९५ सालचा, लक्ष्मीबाईंचा १९०० सालचा. मधली पाच वर्षं बघ. राग, रडणं, सोवळं-ओवळं, आणि त्यातूनच मन थोडं थोडं वळत गेलेलं. पुढे टिळकांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ याच बाईंनी पुरं केलं. आणि आपल्या पंडिता रमाबाई! केडगावला शेकडो मुली-बायकांचा संसार, दुष्काळ, आजारपणं, त्यात कानांनी ऐकू येईना. तशात हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणायला बसल्या. १९२१ मध्ये एकुलती एक लेक मनोरमा गेली, तरी काम थांबलं नाही. ते हातावेगळं झालं आणि थोड्याच दिवसांत, एप्रिल १९२२ मध्ये, त्याही गेल्या. लिहायला बसताना त्यांना रोज उमाळा येत असेल? मला नाही वाटत. बसत असतील, एवढंच.

मान्न्याची गोष्ट तू संडे स्कूलमध्ये छान सांगायचीस. देवाने रोजच्या रोज दिलेलं ते अन्न ज्यांनी उद्यासाठी साठवून ठेवलं, त्यांच्या मान्न्यात किडे पडले. प्रभूच्या प्रार्थनेतही आपण भाकर मागतो ती आजचीच. तेव्हा महिन्याभराची भक्ती एका सुट्टीच्या दिवशी उरकायला जाऊ नकोस. रात्रपाळीवालीची सकाळ वेगळी असते, मीही तेवीस वर्षं वॉर्डात काढली आहेत. घरी आलीस, बूट काढलेस, चहा ठेवलास, की तो उकळेपर्यंतचा वेळ देवाचा. फोन दुसऱ्या खोलीत ठेव. नव्या करारात २६० अध्याय आहेत. आठवड्यातून पाच दिवस एकेक वाचलास तरी वर्षात पुरा होतो, दोन दिवस झोपेला उरतात. मग ज्या पेशंटची काळजी घरी घेऊन आली असशील, तिला देवापुढे ठेव. नाव नाही घेतलंस तरी ‘सहा नंबरची आजी’ त्याला कळते.

आणि एक वही कर. आबांची माझ्याकडे आहे. एका पानावर फक्त “पाऊस झाला. म्हैस व्याली. देव चांगला.” दुसऱ्या पानावर “पाऊस नाही. देव चांगला.” हे दुसरं लिहिताना त्यांचा हात जरा थांबला असणार, शाईचा ठिपका मोठा पडलाय.

रविवारी एकटी खोलीत राहू नकोस. तुझ्या वॉर्डातल्या मल्याळी मुली चर्चला जातात म्हणालीस ना? त्यांच्याबरोबर जा. भाषा कळली नाही तरी शेजारी कुणी गातंय, हे कळतं. मात्र झोपच लागत नसेल, उगाच रडू येत असेल, तर डॉक्टरला दाखव. आपला विश्वास कमी पडला म्हणून स्वतःला कोसत बसू नकोस. नर्स असून हे तुला सांगावं लागतं!

इकडे सगळे बरे. चर्चमधल्या हार्वेस्टच्या लिलावात तुझ्या बाबाने ईर्षेने एक कोंबडा घेतला, दीड हजाराला. आता तो पहाटे चारला आरवतो, आणि तुझी आई दोघांवरही चिडते. अंगणातल्या पेरूला यंदा चिकार फळ आहे, पोपट काही ठेवत नाहीत.

पार्सल उद्या निघेल. काळ्या मसाल्याच्या पुडीखाली आबांचा नवा करार आहे, दोन फडक्यांत गुंडाळलाय, वास लागणार नाही. मार्कच्या पहिल्या अध्यायात त्यांची निळी फीत घालून ठेवली आहे. ती रोज एक पान पुढे सरकव, आणि रविवारी फोन केलास की कुठवर आली ते सांग.

तुझी,
आत्या