वरचं किती, खालचं किती

हर्सूलच्या जुन्या गावात काय किंवा जळगाव रस्त्याच्या कडेने वाढत गेलेल्या वसाहतींत काय, साठीपुढचं माणूस असलेल्या बऱ्याच घरांत आता तीन वस्तू सापडतात. टीव्हीखालच्या कप्प्यात बीपीचं यंत्र, फ्रिजवर साखर मोजायचं यंत्र आणि देव्हाऱ्याशेजारच्या डब्यात २०२१ च्या उन्हाळ्यात मिळेल त्या भावाने घेतलेला ऑक्सिमीटर. ऑक्सिमीटरचे सेल गेलेले असतात, साखरेच्या पट्ट्या संपलेल्या असतात. बीपीचं यंत्र मात्र चालू असतं आणि सकाळच्या चहाबरोबर 'वरचं किती, खालचं किती' हा हिशेब रोज होतो.

हा हिशेब होतो कसा, ते एकदा जवळून बघावं. आमच्या शेजारच्या काकू पलंगाच्या कडेवर बसतात, पाय लोंबकळते. पट्टा पोलक्याच्या बाहीवरूनच आवळलेला. यंत्र घरघरत असताना दारातल्या बाईला नळ कधी येणार हे विचारणं चालूच. आकडा येतो १५८ आणि ९२. त्याचा फोटो पुण्याच्या मुलाला जातो, तिकडून 'गोळी घेतली का?' असा प्रश्न येतो आणि काकू 'हो' म्हणतात. त्या दिवशी त्यांना खुर्चीत पाठ टेकवून, पाय जमिनीला लावून, पाच मिनिटं गप्प बसवलं. उघड्या दंडावर पट्टा बांधला, हात छातीच्या उंचीला टेबलावर ठेवला. १३६ आणि ८४. बाई तीच, यंत्र तेच. घरी मोजताना १३५ आणि ८५ च्या पुढे गेलं तर जास्त धरतात, दवाखान्यात ती रेषा १४० आणि ९० ची असते, हेही त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. म्हणजे यंत्र घरात आलं, त्याच्यामागचं शहाणपण दवाखान्यातच राहिलं.

वयस्कर माणसाला घरच्या घरी, स्वतःच्या पायावर राहता यावं म्हणून यंत्रं घ्यावीत, हे आता जाहिरातीही सांगतात आणि सरकारही. त्यात चूक काही नाही. पण एखादं यंत्र घरात आल्यावर कुणाचा अधिकार वाढला, हे विचारल्याशिवाय त्याची किंमत ठरवू नये. आकडा आईच्या अंगातून निघतो, जातो पुण्याला, आणि त्यावर काय करायचं हे तिसरंच कुणीतरी, तीन महिन्यांनी, केसपेपरवर ठरवतं. अशा व्यवहारात आईच्या वाट्याला येते ती फक्त दंड आवळून घेण्याची क्रिया.

साखरेच्या यंत्राची सुरुवातच या भांडणातून झाली आहे. १९६९ च्या सुमाराला अमेरिकेत रिचर्ड बर्नस्टीन नावाच्या इंजिनिअरने एक जाहिरात पाहिली. रक्ताच्या एका थेंबावर साखर सांगणारं यंत्र, वजन सव्वा-दीड किलो, किंमत साडेसहाशे डॉलर. रात्री प्रयोगशाळा बंद असताना बेशुद्ध आणलेला माणूस दारू प्यायलेला आहे की मधुमेही, हे ओळखायला ते दवाखान्यांसाठी काढलेलं होतं. बर्नस्टीनला बाराव्या वर्षापासून मधुमेह. पण कंपनी डॉक्टरांखेरीज कुणाला यंत्र विकेना. बायको डॉक्टर होती म्हणून तिच्या नावावर मागवलं. मग हा गृहस्थ दिवसातून अनेकदा बोट टोचू लागला, कोणत्या जेवणाला किती इन्सुलिन लागतं ते स्वतःच बसवत गेला, आणि वर्षानुवर्षं बिघडत चाललेली तब्येत सावरली. वैद्यकीय नियतकालिकांनी त्याचा लेख छापला नाही, कारण लिहिणारा डॉक्टर नव्हता. तेव्हा पंचेचाळिसाव्या वर्षी तो मेडिकल कॉलेजात दाखल झाला. हट्टी माणूस! पण त्याला यंत्राचा उपयोग झाला तो आकड्यावर लगेच काहीतरी करण्याची मुभा त्याने स्वतःकडे घेतली म्हणून.

आपल्याकडे ती मुभा कुणी देत नाही. 'एकशेऐंशी आली, आता काय करू?' याचं उत्तर घरात नसतं, म्हणून मग भात बंद होतो, दोन दिवस कारल्याचा रस होतो आणि पट्ट्या संपल्या की विषय संपतो. यंत्र स्वस्त आणि पट्ट्या महाग हा दुकानदारीचा जुना हिशेब आहे, त्यात नवल नाही. नवल याचं की डॉक्टरही आठवड्यात कोणत्या दिवशी, जेवणाआधी की नंतर मोजायचं, हे चार ओळींत लिहून देत नाहीत. दिलं तर अर्ध्या पट्ट्या वाचतील.

ऑक्सिमीटरची गोष्ट थोडी वेगळी. ताकुओ आओयागी या जपानी अभियंत्याने १९७४ मध्ये त्याचं तत्त्व मांडलं, आणि २०२० च्या एप्रिलमध्ये, त्याचं यंत्र जगभर बोटाबोटाला लागत असताना तो वारला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात अमेरिकेतल्या एका अभ्यासाने दाखवलं की काळ्या रुग्णांच्या रक्तातला ऑक्सिजन खरोखर घटलेला असताना हे यंत्र तो ठीक असल्याचं सांगतं, आणि हे गोऱ्या रुग्णांच्या जवळजवळ तिप्पट वेळा घडतं. मराठवाड्याच्या उन्हात रापलेल्या बोटांनी याची नोंद घ्यायला हवी. धाप लागलेली डोळ्यांना दिसत असेल तर बोटावरच्या ९५ वर विसंबून बसू नये.

माझ्या मते या विषयातलं सर्वांत मोलाचं यंत्र महाराष्ट्रातच तयार झालं, आणि त्याला सेलही लागत नाहीत. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेपुढे प्रश्न होता की खेड्यातल्या दाईने बाळाचा न्यूमोनिया ओळखायचा कसा. मिनिटाला श्वास मोजायचे तर पन्नास-साठपर्यंत अंक यायला हवेत, आणि बऱ्याच जणींना ते येत नव्हते. त्यांनी मण्यांची पाटी केली. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. शेजारी एका मिनिटाची वाळूची घडी. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलं तर न्यूमोनिया. दोन महिन्यांच्या आतल्या बाळासाठी वेगळी ओळ, मोठ्या मुलांसाठी वेगळी. पाटी हुशारीची आहेच, पण तिचं खरं बळ असं की जिच्या हातात पाटी, तिच्याच हातात औषध होतं. लाल मणी सरकला की तालुक्याला चिठ्ठी लिहायची गरज नव्हती, उपचार तिथेच सुरू होत. पुढे याच वाटेने गावातल्या बायका नवजात बाळांची घरीच देखभाल करू लागल्या. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्याचा अहवाल आला. ३९ गावांत नवजात मृत्यूचं प्रमाण हजारी ६२ वरून साधारण २५ वर आलं होतं. २०११ पासून केंद्र सरकारने ही पद्धत देशभर घेतली. दवाखान्यात बाळंतपण झालं तरी आशाताई ४२ दिवसांत सहा वेळा घरी येते, बाळाचं वजन करते, ताप बघते.

बेचाळीस दिवसांच्या बाळाला जे मिळतं ते ब्याऐंशीच्या आजीला का नाही? योजनांच्या कागदावर अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांच्या घरी जाण्याची तरतूद आहे, २०१० पासून राष्ट्रीय कार्यक्रमही आहे. आपल्या घाटी रुग्णालयात वृद्धांसाठी वेगळा विभाग आहे. पण हर्सूलहून घाटीत जायचं म्हणजे मुलाची अर्ध्या दिवसाची रजा, रिक्षा, केसपेपरची रांग आणि परत येताना 'पुन्हा कशाला यायचं' हा निश्चय. पैशांचाही ओघ घराकडे नाही. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान योजनेत कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांचं संरक्षण मिळालं. उत्तम झालं. पण ते मिळतं दाखल झाल्यावर, आणि घरी आल्यानंतरचे फार तर पंधरा दिवस त्यात धरले जातात. दाखल व्हायची वेळ येऊ नये म्हणून घरात जे करायचं, त्याला राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत एकदाच तीन हजार रुपये, तेही पासष्टीपुढच्या आणि दोन लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या माणसाला.

त्या तीन हजारांना मी नावं ठेवणार नाही, उलट त्यातली यादी मला फार समंजस वाटते. चष्मा, काठी, वॉकर, कानाचं यंत्र, कमोड खुर्ची, गुडघ्याचा पट्टा. तंत्रज्ञान म्हटल्यावर ज्यांच्या डोळ्यांसमोर मनगटी घड्याळच येतं त्यांनी ही यादी वाचावी. म्हातारं माणूस घरात पडतं कुठे? पहाटे खाटेवरून मोरीकडे जाताना, ओल्या शहाबादी फरशीवर. पडल्याची खबर मुलाला देणारी घड्याळं निघाली आहेत आणि ती उपयोगीही आहेत. पण भिंतीत पक्का बसवलेला स्टीलचा दांडा पडूच देत नाही. मिस्त्री एका दुपारी बसवून देतो. कमोड खुर्चीने किती जणींचं रात्री पाणी पिणं पुन्हा सुरू झालं असेल! संडासला बसता-उठता येत नाही म्हणून संध्याकाळनंतर घोटभरही पाणी न पिणाऱ्या बाया आमच्याकडे आहेत, आणि ही गोष्ट त्या डॉक्टरला कधी सांगत नाहीत.

पाण्यावरून आठवलं. हर्सूलला स्वतःचा तलाव आहे, मलिक अंबरच्या नहरींनी चारशे वर्षांपूर्वी नुसत्या उताराच्या जोरावर उत्तरेकडच्या डोंगराचं पाणी शहरात आणलं, आणि आज या शहरात नळाला कित्येक दिवसांच्या अंतराने पाणी येतं. एकट्या राहणाऱ्या बाईचं स्वावलंबन त्या दिवशी पणाला लागतं. पाणी अवेळी येतं, मोटार लावायची, टाकी भरली की बंद करायची, ड्रम भरायचे, अंधारात जिना उतरायचा. टाकी भरताच मोटार आपोआप बंद करणारा स्विच बसवला तेव्हापासून आमच्या गल्लीतल्या एका सत्तरीच्या मावशींची रात्रीची झोप परत आली. आरोग्याच्या कुठल्याही यादीत तो स्विच नाही. माझ्या यादीत तो वर आहे.

नजर ठेवणाऱ्या यंत्रांचा मामला जास्त नाजूक. २००१ मध्ये जपानच्या झोजिरुशी कंपनीने पाणी गरम ठेवणारी एक किटली काढली. आजीने चहासाठी तिच्यातून पाणी घेतलं की नोंद होते आणि दिवसातून दोनदा दूरच्या मुलाला निरोप जातो. त्याआधी काही वर्षं तोक्योत एक म्हातारी आई आणि तिचा आजारी मुलगा घरात मरून पडल्याचं बऱ्याच दिवसांनी उघडकीस आलं होतं, त्या हळहळीतून ही कल्पना निघाली. मला ही किटली आवडते, कारण ती फार थोडं सांगते. आई उठली, चहा झाला, एवढंच. आपल्याकडे हे काम अजून दारातला सडा करतो. सकाळी आठपर्यंत पडला नाही की समोरची बाई हाक मारते. त्याऐवजी परगावचा मुलगा येऊन हॉलमध्ये कॅमेरा बसवून जातो, तोही आवाज ऐकणारा. अशा एका घरातल्या आजी तेव्हापासून सुनेबद्दल जे काही बोलायचं ते ओट्यावर येऊन बोलतात. मुलाची काळजी खोटी नाही. पण निवांतपणा मुलाला मिळाला आणि संकोच आईच्या वाट्याला आला, हे उघड आहे. कॅमेरा बसवताना आईला विचारलं का, आणि तिला तो बंद करता येतो का, एवढं तरी बघावं.

फोनवरून डॉक्टर मिळण्याचंही असंच. २५ मार्च २०२०, टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी, दूरवैद्यकाची नियमावली निघाली आणि ई-संजीवनीवर घरबसल्या सरकारी डॉक्टर दिसू लागला. चालू गोळ्या पुढे न्यायला, रिपोर्ट दाखवायला सोय चांगली. पण कमी ऐकू येणाऱ्या, स्मार्टफोन नातवाच्या ताब्यात असणाऱ्या माणसाने ती वापरायची तर शेजारी कुणीतरी बसावं लागतं. रक्तदाबाच्या राष्ट्रीय उपक्रमाने हे ओळखलेलं दिसतं. २०१७ नंतर सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा, भंडारा अशा जिल्ह्यांत तो सुरू झाला. त्यातलं ॲप रुग्णाच्या फोनमध्ये नाही, दवाखान्यातल्या नर्सच्या फोनमध्ये असतं. ठरलेल्या तारखेला कोण आलं नाही याची यादी तिला मिळते आणि ती फोन करते. रुग्णाने शिकायचं काहीच नाही, त्याची फक्त विचारपूस होते. केरळात कोझिकोडला १९९३ मध्ये सुरू झालेल्या वेदनाशमनाच्या कामातही शेवटी गाडी, नर्स आणि शेजारपाजारचे स्वयंसेवक हीच मुख्य सामग्री ठरली.

हर्सूलसारख्या वस्तीत हे उभं करायचं तर फार काही लागणार नाही. महिन्यातून एकदा घरी येणारी एक प्रशिक्षित बाई, तिच्या पिशवीत मोठा आणि लहान असे दोन्ही पट्टे असलेलं बीपीचं यंत्र, पट्ट्यांची डबी, सेल, आणि भिंतीवर चिकटवायचा एक कागद: इतकं आलं तर काय करायचं, इतकं आलं तर कुणाला फोन. तो फोन उचलणारा डॉक्टर. मोरीतला दांडा बघणं हेही तिच्या कामात धरावं. ती कोण असेल, असं विचारलं की सगळे आशाताईकडे बोट दाखवतात. तिच्या मागे आधीच बाळंतिणी, लसीकरण, क्षयाचे रुग्ण, सर्वेक्षणं आणि फोनमधली नाना ॲप आहेत, आणि हातात पगार नाही, मानधन आहे. तिच्यावर हेही टाकलं तर भिंतीवर कागद तेवढा चिकटेल. त्यासाठी वेगळं माणूस, वेगळा पगार आणि महापालिकेच्या अंदाजपत्रकात वेगळी ओळ लागेल. ती ओळ पहिल्यांदा कोणत्या वॉर्डासाठी पडणार, हे नगरसेवकांना विचारायला काकूंची तयारी आहे. बीपी मोजून झाल्यावर, म्हणाल्या.