परकराची दुमड

सत्यापायी हरिश्चंद्राचं राज्य गेलं. आमचं सत्य एका परकरात अडकलं. आईने आपल्या इरकली लुगड्यातून नातीसाठी हाताने परकर शिवला. कमरेचं माप चुकलं तर नाडी सांभाळून घेते. लांबीला मात्र नाडी नसते! परकर चांगला चार बोटं लोळत होता. आईची नजर हल्ली अधू. "झकास बसलाय!" मी ठोकून दिलं. रात्री बायकोने गुपचूप, काठ झाकू नये म्हणून काठाच्या वर, आडवी दुमड घातली.

सकाळी आईने दुमडीवरून बोट फिरवलं. "टाके फार सरळ आहेत. माझे नव्हेत."

आम्ही दोघंही गप्प.

"बरं केलंत. मुद्दामच वाढत्या अंगाचा शिवला होता मी."

हे बोलताना मात्र तिने माझ्याकडे बघितलं नाही.