उद्यानाचा मसुदा कोणी करावा?

बाग करणे हे एके काळी राजाचे काम होते, आणि तिच्याविषयी हरकत घेण्याचा अधिकारही त्यालाच होता. नगर शहराच्या आग्नेयेस जी फराहबाग आज भग्नावस्थेत उभी आहे, तिचा पहिला इमला निजामशहाच्या मनास न आल्यामुळे तो पाडून दुसऱ्या सरदाराच्या देखरेखीखाली नव्याने उठविण्यात आला, अशी हकीकत सांगितली जाते. महालाभोवतीच्या तलावासाठी दुरून पाणी आणणाऱ्या त्या राज्यकर्त्यांना आसपासच्या रयतेस काही विचारावे असे वाटण्याचा प्रसंगच त्या राज्यपद्धतीत नव्हता. आज राजा गेला आहे. राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने १९९३ पासून उद्याने, बागा आणि क्रीडांगणे हा विषय नगरपालिकांच्या कामांच्या यादीत रीतसर आला आहे. आणि तरीही एखाद्या तालुक्याच्या गावी नवे उद्यान करावयाचे ठरले म्हणजे त्याची दरखास्त ज्या वाटेने पुढे सरकते, ती पाहिली असता हरकत घेणाराच काय तो बदलला, विचारणारा अद्याप जन्मास यावयाचा आहे, असे म्हणावेसे वाटते.

नगर जिल्ह्यातील शेवगावचे उदाहरण मला या दृष्टीने विशेष बोलके वाटते. हे गाव अगदी अलीकडेपर्यंत ग्रामपंचायतीच्या कारभाराखाली होते आणि या शतकाच्या दुसऱ्या दशकात तेथे नगरपरिषद आली. नगरपरिषद आली म्हणजे गावाची पत वाढली, निधीची दारे उघडली, मुख्याधिकारी आले, असे आपण समजतो, आणि ते खोटेही नाही. परंतु या बढतीत एक वस्तू हातची गेली, तिची खंत कोणी केल्याचे ऐकिवात नाही. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमान्वये गावातील प्रत्येक मतदार हा ग्रामसभेचा सभासद असतो. वर्षातून किमान चार वेळा ती सभा भरवावी लागते, तिच्यापूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घ्यावी लागते, आणि हिशेबाविषयी सरपंचाला उभे राहून प्रश्न विचारण्याचा अधिकार अगदी अक्षरशत्रू माणसालाही असतो. ग्रामसभा अनेक ठिकाणी कोरमाअभावी तहकूब होते, कित्येक ठिकाणी ती केवळ सह्यांच्या वहीत भरते, हे मान्य. पण तो अधिकार कायद्यात होता. गाव नगर झाले आणि तो अधिकार संपला. घटनेने सांगितलेल्या प्रभाग समित्या सक्तीच्या आहेत त्या तीन लाख किंवा त्याहून अधिक वस्तीच्या शहरांना. शेवगावसारख्या नगराला त्यांचा उपयोग नाही. म्हणजे ग्रामस्थाचा नागरिक झाला आणि त्या क्षणी बोलण्याची त्याची जागा गेली.

यावर कोणी म्हणेल, हरकती व सूचना मागविण्याची तरतूद कायद्यात आहेच. आहे खरी. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमानुसार विकास योजनेचा प्रारूप नकाशा प्रसिद्ध करावा लागतो, तीस दिवसांच्या मुदतीत नागरिकांना हरकती देता येतात, आणि नियोजन समितीपुढे त्यांची सुनावणी होते. ही तरतूद तुच्छ लेखण्याजोगी नाही. तथापि तिचे स्वरूप नीट पाहावे. या नकाशात एखाद्या भूखंडावर हिरवा रंग दिला जातो आणि त्यावर आरक्षणाचा क्रमांक पडतो, एवढेच उद्यान तेथे असते. ज्याची जमीन त्या रंगाखाली आली, तो धावत येऊन हरकत नोंदवितो, कारण त्याचे पोट तिच्यावर आहे. ज्यांची मुले तेथे खेळावयाची, ते येत नाहीत, कारण अजून तेथे काहीच नाही. पुढे दहा वर्षांत जमीन संपादन झाली नाही, तर मालक कलम १२७ खाली खरेदीची नोटीस देतो आणि ठरावीक मुदतीत नगरपरिषदेने पावले उचलली नाहीत की आरक्षण आपोआप उडते. जमीन हाती आलीच, तर आत काय करावे हे ठरविताना कायदा नागरिकांना विचारावयास सांगतच नाही. सल्लागार नेमला जातो, अंदाजपत्रक होते, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यादेश अशी मजल दरमजल होऊन एके दिवशी फाटकावर कोनशिला बसते. हरकत घेण्याची जी काही मुदत होती, ती रंग देण्यापुरतीच होती.

त्या फाटकाच्या आत काय असते, हे महाराष्ट्रातील कोणत्याही लहान नगरात फिरलेल्या माणसाला सांगावे लागू नये. पेव्हर ब्लॉकची वाट, निधी कोणाचा हे ठळक अक्षरांत लिहिलेली सिमेंटची बाके, निळ्यापिवळ्या रंगाची व्यायामाची यंत्रे, प्लास्टिकची घसरगुंडी, मधोमध कारंजे आणि त्याभोवती हिरवळ. चैत्र लागला की हिरवळ पिवळी पडते, वैशाखात तिची माती होते, कारंज्याच्या हौदात कागद आणि पाने साचतात, आणि दुपारी फाटकाला कुलूप असते, म्हणजे ज्या वेळी सावलीची गरज खरी, नेमकी ती वेळ.

शेवगावात हा प्रश्न अधिक तीव्र आहे, कारण तेथे पाणी हाच सर्व प्रश्नांचा पाया आहे. ज्या तालुक्याची गावे आणि काळ्या मातीची शेते जायकवाडीच्या जलाशयाखाली गेली, १९७६ साली पुरे झालेल्या त्या धरणाचा नाथसागर ज्याच्या सीमेवर पसरला आहे, त्या तालुक्याच्या मुख्य गावी नळाला आठवडा आठवडा पाणी येत नाही, ही तक्रार वर्षानुवर्षे ऐकू येते. आता हिशेब करून पाहावा. उन्हाळ्यात हिरवळीला चौरस मीटरमागे दिवसाकाठी पाच लिटर पाणी धरले, आणि हा अंदाज उदार खासच नाही, तर एका गुंठ्याला पाचशे लिटर लागतात; दहा गुंठ्यांची हिरवळ रोज पाच हजार लिटर पिते. भुयारी गटार नसलेल्या नगरांसाठी माणशी सत्तर लिटर हे सरकारी प्रमाण घेतले, तर हे सत्तर माणसांचे रोजचे पाणी झाले. हा आकडा अंदाजपत्रकात कोठे असतो? ज्या बाईला घागरी भरण्यासाठी पहाटे उठावे लागते, तिच्यापुढे तो ठेवला असता तर तिने हिरवळीला होकार दिला असता काय? तिने कडुलिंब, चिंच, वड सांगितले असते, बाक सावलीत ठेवा म्हटले असते, आणि पिण्याच्या पाण्याचा एक नळ व स्त्रियांसाठी स्वच्छतागृह यांचा आग्रह धरला असता, असा माझा तर्क आहे. पण तर्कच, कारण तिला कोणी विचारलेले नाही.

पाटबंधारे खात्याने पैठण येथे धरणाच्या पायथ्याशी म्हैसूरच्या वृंदावनाच्या धर्तीवर उभारलेले संत ज्ञानेश्वर उद्यान शेवगावकरांना परके नाही. शाळेची सहल तेथे न गेलेला माणूस या टापूत विरळाच. तीनशेहून अधिक एकर क्षेत्र, वर धरणाचे अथांग पाणी, आणि तरीही देखभालीअभावी दीर्घकाळ त्याला जी अवकळा आली, ती सर्वांनी डोळ्यांनी पाहिली आहे. एवढे पाणी उशाशी असताना जे टिकले नाही, ते नळाची वाट पाहणाऱ्या गावात कोणत्या आधारावर टिकेल, हा प्रश्न निविदा निघण्यापूर्वी विचारला गेला पाहिजे.

विचारण्याची रीत आपल्याकडे कधीच नव्हती असेही नाही. पॅट्रिक गेडिस हा स्कॉटिश नगररचनाकार, जो पुढे मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचा प्राध्यापक झाला, त्याने होळकरांच्या इंदूरसाठी १९१८ साली आपला द्विखंडात्मक अहवाल सादर केला. त्या सुमारास शहरात प्लेगची धास्ती होती. गेडिसने दिवाळीच्या मिरवणुकीची योजना केली आणि ज्या मार्गावरील घरे व रस्ते सर्वांत स्वच्छ असतील त्या मार्गाने ती जाईल असे जाहीर केले. झाडूवाल्यांना तिच्यात मानाचे स्थान दिले आणि घरोघर लावण्यासाठी रोपे वाटली. गेडिसचा आग्रह असा की, नकाशा काढण्यापूर्वी गल्लीगल्लीतून पायी हिंडावे, विहिरी, झाडे आणि देवळापुढील मोकळी जागा पाहावी, आणि जे जगते आहे ते आधी वाचवावे. चौंडीच्या लेकीचे नाव ज्या जिल्ह्याला आता दिले आहे, त्या जिल्ह्याने होळकरांच्या राजधानीतला हा धडा उसना घेण्यास संकोच कशाला करावा?

आणि इंदूरपर्यंत जाण्याचेही कारण नाही. याच जिल्ह्यातील हिवरे बाजार येथे दर वर्षी पावसाच्या मानाने पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडला जातो आणि कोणती पिके घ्यावयाची ते त्यावरून ठरते. शेतीसाठी विंधन विहिरी नकोत, ऊस नको, हे कठोर निर्बंध त्या गावाने स्वतःच्या सभेत स्वतःवर घालून घेतले. लोकांना विचारले की एकमत होत नाही, प्रत्येक जण आपल्या गल्लीपुरते बोलतो, अशी तक्रार नगरसेवकांच्या तोंडी नेहमी असते, आणि तिच्यात तथ्यांश आहे. परंतु हिवऱ्यात लोक सुज्ञ आणि अन्यत्र स्वार्थी, असा काही जातिभेद निसर्गाने केलेला नाही. तेथे लोकांपुढे आधी हिशेब ठेवला गेला. अन्यत्र आधी चित्र ठेवले जाते. संगणकावर रंगविलेले कारंजे दाखवून ‘कसे वाटते?’ म्हणून विचारल्यावर ‘छान’ यापलीकडे कोण काय बोलणार?

आणखी एक गोष्ट, जी नगररचनेच्या पुस्तकांत सापडावयाची नाही. शेवगाव-पाथर्डी हा ऊसतोड मजुरांचा मुलूख. दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयते घेऊन कुटुंबेच्या कुटुंबे गाड्यांत बसतात आणि कारखान्यांचे हंगाम आटोपून फाल्गुन-चैत्रात परततात. हरकतींच्या तीस दिवसांची सूचना मार्गशीर्षात निघाली, तर कायद्याचे अक्षर पाळले जाईल, परंतु ज्यांची घरे लहान, ज्यांच्या दारात अंगण नाही, ज्यांच्या मुलांना सार्वजनिक मोकळ्या जागेची गरज सर्वांत जास्त, ते त्या वेळी कोठल्याशा फडावर पाचटाच्या कोपीत असतील. बंगलेवाल्या वसाहतीत दहा टक्के खुली जागा नियमाने सोडलेली असते, तेथील रहिवासी वेळेवर अर्जही देतात. आणि मग चालण्याची वाट होते, खेळण्याचे पटांगण होत नाही.

१९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने बंगळुरातील एका वसाहतीत उद्यानासाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयाला देण्याचा निर्णय बेकायदा ठरविला, तो तेथील रहिवाशांनी दाद मागितली म्हणून. उद्यान झाल्यावर ते राखावयाचे तर असे रहिवासी लागतात, आणि ज्या जागेचा विचार करताना आपणांस कोणी बोलावले नाही, तिच्यासाठी कोर्टाची पायरी चढणारा माणूस दुर्मीळ.

शेवगावच्या नगरपरिषदेला कायद्याने सांगितले नाही तरी एवढे करता येईल, त्यास वरून मंजुरी लागत नाही. उद्यानाचा ठराव होण्यापूर्वी, चैत्रात, संध्याकाळी, त्या नियोजित जागेवरच सभा घ्यावी. तिच्याआधी बायकांची वेगळी सभा घ्यावी. पाणी कोठून येणार, किती लागणार, माळ्याचा पगार कोणत्या खात्यातून निघणार, हे तीन आकडे फलकावर लिहून ठेवावेत, आणि झालेले बोलणे इतिवृत्तात शब्दशः नोंदवून ते सल्लागाराच्या हाती नेमणुकीच्या पत्रासोबत द्यावे. नागरिकांनीही बोलावण्याची वाट पाहत बसू नये. आपल्या प्रभागातील खुल्या जागांची यादी नगरपरिषदेकडून लेखी मागावी, आणि तो अर्ज या पावसाळ्यापूर्वीच द्यावा.