रोहित पक्षी व नावेतील पाहुणा

एखाद्या प्राण्यास मारले नाही, धरले नाही, त्याचे अंडे उचलले नाही, केवळ डोळे भरून पाहिले, तर त्यात दोष तो कोणता? गेल्या उन्हाळ्याच्या आरंभी भिगवणनजीक एका तरुण गृहस्थाने हा प्रश्न आम्हांस केला. त्याच्या स्वरात वाद नव्हता. त्यास खरोखरच दोष दिसत नव्हता. आम्हांसही तत्काळ उत्तर सुचले नाही.

भीमेवरील उजनीचे धरण १९८० साली पुरे झाले. त्याच्या पाण्याखाली कित्येक गावे गेली. पळसदेवाचे जुने देऊळ पाणी उतरले म्हणजे अजूनही वर दिसते. हिवाळा सरता सरता काठचा गाळ उघडा पडतो आणि त्या उथळ पाण्यात रोहित पक्षी चरतात. त्यांस पाहावयास पुण्याहून मंडळी येते, आणि मासे धरणारे आमचे बंधू त्यांस नावेतून नेतात.

रोहिताचे जेवण मोठे कष्टाचे. मान वाकवून तो चोच पाण्यात उलटी धरतो, जिभेने चिखलपाणी आत घेऊन बाहेर लोटतो, आणि चोचीच्या कडांवरील बारीक फणीत जे किडेशेवाळ अडकेल तेवढेच त्याच्या पोटी जाते. घास लहान, म्हणून वेळ फार लागतो. उडावयाचे झाल्यास प्रथम पाण्यावर कित्येक पावले धावावे लागते.

आमची नाव थव्यापासून दूर थांबली होती. तो गृहस्थ नावाड्यास म्हणाला, "काका, उडताना पंखांतली लाली दिसते. एकदा उडवा ना. वरचे पैसे देतो." काकांनी क्षणभर आमच्याकडे पाहिले व इंजिन सुरू केले. थवा उठला. खोटे कशास बोलावे, आम्हीही पाहतच राहिलो. पक्षी पलीकडे उतरले. पण माना पुन्हा खाली जातात न जातात तोच दुसऱ्या बाजूने दुसरी नाव आली.

तेव्हा आम्हांस उत्तर दिसू लागले. पाहुण्याचे ते "एकदा" असते. थव्यास मात्र ते दिवसभर सोसावे लागते. रक्ताचा थेंब सांडला नाही हे खरे, तथापि ज्याचे अन्न मोडले त्याचे काहीच घेतले नाही असे कसे म्हणावे? नदीसुरय तर उघड्या वाळूवर अंडी घालते व भर उन्हात त्यांवर आपली सावली धरते. हौसेने बेटावर उतरलेला मनुष्य अंड्यांस शिवतही नाही. आई उडते, आणि ऊन आपले काम करते.

हा प्रश्न आमच्याच देशाचा आहे असे नव्हे. अमेरिकेत फ्लोरिडा प्रांती क्रिस्टल रिव्हर येथे मॅनटी नामक मोठे, गरीब जलचर हिवाळ्यात उबदार झऱ्यांपाशी गोळा होतात, कारण २० अंशांखालील पाणी त्यांस फार काळ सोसत नाही. लोक त्यांच्यासोबत पोहावयास येतात. गर्दीने ते थंड पाण्यात जाऊ नयेत म्हणून झऱ्यांचे काही भाग हिवाळ्यात मनुष्यास बंद ठेवावे लागतात. तेथे जाणाऱ्यांस त्या प्राण्यांविषयी प्रेमच वाटते, आणि हीच गोष्ट आम्हांस अधिक विचारात पाडते.

मग अपराधी कोण, पैसे देणारा की घेणारा? काठावर काका म्हणाले, "मी नाही नेलं तर शेजारची नाव नेते, साहेब." ज्याची चूल त्या दिवसाच्या फेऱ्यांवर पेटते त्यास बोल लावणे आम्हांस जड वाटले. पहिला भार मागणाऱ्यावरच आहे, असे आमचे मत आहे. कारण नाही म्हणणे त्यास फुकट पडते. परंतु सुकाणू काकांच्या हाती होते, हेही विसरता येत नाही.

किती जवळ जावे, असे आम्ही त्यांस विचारले. ते म्हणाले, "हे पुस्तकात कशाला बघायचं? चरणाऱ्या थव्यातल्या दोन-चार माना वर आल्या की समजावं, जास्त झालं. आधी मानाच वर येतात, उडणं मागाहून."

परतीच्या वाटेवर त्या तरुणाने आणखी चित्रे घेतली नाहीत. तो थकला होता की विचारात होता, हे आम्ही विचारले नाही.