एकच बार

आमच्या सुलतानपूरच्या घरात भिंतीला एक खुंटा आहे. त्यावर आज्याची ठासणीची बंदूक टांगलेली असायची. मी ती पाहिलेली नाही. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर चिंधी, मग गोळी, गजाने ठासायचं, टोपी बसवायची. एवढं करून एकच बार. दुसरा भरेपर्यंत काळवीट लोणारच्या वाटेला लागलेलं. गोष्ट 1972च्या वन्यजीव कायद्याच्या आधीची.

आजा म्हणायचा, "जनावराले पळाची संधी भेटली पाह्यजे." लहानपणी मला हे वाक्य जाम भारी वाटायचं. हाच विचार अमेरिकेतही आहे. तिथल्या अनेक राज्यांत हरणांच्या शिकारीला ठासणीच्या बंदुकीचा वेगळा हंगाम असतो. पेनसिल्व्हेनियात नाताळनंतरच्या हंगामात तर ती बंदूक चकमकीचीच लागते.

मी कोड लिहितो, म्हणून मला यात रेट लिमिट दिसतं. माणसाच्या सद्बुद्धीवर भरवसा ठेवायचा नाही, यंत्राचाच वेग बांधायचा. कळप वाचवायला हे उत्तम. पण कळप वाचणं वेगळं आणि एक हरिण वाचणं वेगळं.

हे मला बाबांनी सांगितलेल्या गोष्टीतून कळलं. आजा ती कधीच सांगत नसे. एकदा बार पोटात बसला. काळवीट ज्वारीत शिरलं. आजा दिवेलागणीपर्यंत रक्ताच्या थेंबांमागे फिरला आणि रिकाम्या हाताने परतला. दुसऱ्या दिवशी कावळ्यांनी जागा दाखवली.

म्हणजे पळायची संधी मिळाली होती. रात्रभर मिळाली होती.

रायफलच्या नळीत आटे असतात, गोळी फिरत जाते, सरळ जाते. नेम धरणारा तयार असेल तर जनावराला आवाजही ऐकू येत नाही. मर्दुमकीची गोष्ट मात्र उरत नाही. मला वाटतं, 'संधी' हा शब्द आपण बऱ्याचदा त्या गोष्टीसाठीच वापरतो, हरणासाठी नाही.

1959चा शस्त्र कायदा या भानगडीत पडत नाही. पीकरक्षणासाठी ठासणीची बंदूक, आणि ती पुरेशी नाही असं अधिकाऱ्याला पटलं तर दुसरी, पण तीही बिनआट्यांच्या नळीची. पराक्रमाचा उल्लेख नाही. मला तो कोरडेपणा आवडला.

यंदा हरभऱ्यात रोह्यांचा कळप पडला. झटका मशीन लावलंय, तरी बाबा जागलीला जातात. मी पुण्याहून आलो होतो, त्यांच्याबरोबर गेलो. शेकोटीजवळ विचारलं, "समजा मारायची परवानगी मिळाली, तर कोणती बंदूक घ्याल?"

"रायफल," ते लगेच म्हणाले. थोडं थांबून, "अन् चालवणारा दुसरा पाह्यजे."

"दुसरा कायले?"

त्यांनी बॅटरी उचलली आणि धुऱ्याकडे निघाले.