समेवरचा हात

आमच्या दिवाणखान्यात एका गायिकेचे छायाचित्र लावलेले आहे. काळोखी पार्श्वभूमी, उजळलेला चेहरा, मिटलेले डोळे आणि खाली येता येता क्षणभर थबकलेला उजवा हात. येणारे पाहुणे त्यापुढे थांबतात, "कोणी काढला हा फोटो?" असे विचारतात आणि मी काढला आहे हे कळल्यावर मनापासून कौतुक करतात. कित्येक वर्षे ते कौतुक मी निमूटपणे स्वीकारले. त्यातला काही भाग माझ्या हक्काचा नाही, हे मला ठाऊक होते. पण ते बोलून दाखवण्याचे धैर्य होत नव्हते. आज ते सांगावयाचे आहे. त्या निमित्ताने एका प्रश्नाचाही विचार करावयाचा आहे. उघड्यावरच्या संगीत महोत्सवाला चांगला कॅमेरा घेऊन जाणाऱ्या माणसावर कोणाकोणाचे ऋण असते?

छायाचित्र १९९६ सालच्या डिसेंबरातील, पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवातील आहे. रामभाऊ कुंदगोळकर ऊर्फ सवाई गंधर्व १९५२ साली निवर्तले आणि पुढच्याच वर्षी त्यांचे शिष्य पंडित भीमसेन जोशी यांनी गुरूच्या स्मरणार्थ हा महोत्सव सुरू केला. त्या काळी तो रात्रभर चाले. पटांगणावर घातलेला भव्य मंडप, खाली बैठक, खांद्यावर शाली आणि डोक्याला मफलर गुंडाळून बसलेले हजारो श्रोते, कडेला चहाच्या किटल्या, आणि मध्यरात्रीनंतर हाडांपर्यंत पोहोचणारी पुण्याची थंडी. संगीताचे शास्त्र मला फारसे कळत नसे; पण त्या गर्दीत बसले की आपण एका मोठ्या कुटुंबात आलो आहोत असे वाटे.

त्या वर्षी माझ्याबरोबर एक नवा सोबती होता. माझ्या मेव्हण्यांनी आखातातून येताना एक उत्तम कॅमेरा आणला होता आणि दूरचे जवळ आणणारी एक लांब लेन्सही. चार दिवसांसाठी तो मी मागून घेतला. मला कोणी फोटो काढण्यासाठी बोलावले नव्हते. कोणी हटकलेही नाही. साधा कॅमेरा असता तर एक-दोन फोटो काढून मी तो पिशवीत ठेवला असता. चांगला कॅमेरा मात्र माणसाच्या मनात महत्त्वाकांक्षा जागी करतो. एवढे मोलाचे यंत्र हाती असताना त्याचे चीज केले नाही, तर तो आपला करंटेपणा ठरेल असे वाटू लागते.

गायिकेचा विलंबित खयाल सुरू झाला. बसून नेम साधेना, म्हणून मी गुडघ्यांवर उभा राहिलो. पहिल्या फोटोला फ्लॅश वापरला. प्रकाशाचा नियम असा, की अंतर चौपट झाले की उजेड सोळाव्या हिश्शावर येतो. चाळीस फुटांवरच्या गायिकेपर्यंत माझा फ्लॅश पोहोचलाच नाही. उजळली ती माझ्यापुढे बसलेल्यांची डोकी आणि पाठी. चार जणांनी वळून पाहिले. मी फ्लॅश बंद केला, पण गुडघ्यांवरून खाली आलो नाही.

थोड्या वेळाने मागून आवाज आला, "अहो, जरा बसून घेता का? बाईंचा हात दिसत नाही."

सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ होते. मी मान डोलावली, 'एकच मिनिट' अशी बोटाने खूण केली आणि पुन्हा कॅमेऱ्याला डोळा लावला. ते एक मिनिट फार लांबले. गृहस्थ कधी उजवीकडे झुकून पाहत, कधी डावीकडे. पुन्हा काही ते बोलले नाहीत. मला हवा असलेला क्षण अखेर मिळाला, हात नेमका खाली येताना, आणि तेव्हा कुठे मी बसलो.

मध्यंतरात चहाच्या रांगेत ते माझ्यापुढेच होते. मी ओशाळून म्हणालो, "काका, तुम्हाला त्रास झाला." ते हसले. त्यांच्या स्वरात राग नव्हता.

"तसं नाही हो," ते म्हणाले. "माझे कान आता साथ देत नाहीत. तबला तर ऐकूच येत नाही. पण समेवर हात खाली येतो ना, तो दिसला की ठेका मनात लागतो आणि मग उरलेलं गाणं ऐकू येतं. हात हुकला की सगळंच हुकतं."

सम म्हणजे तालाच्या आवर्तनाची पहिली मात्रा. गायक कितीही दूर भटकून आला तरी जिथे त्याला परतावे लागते ती जागा. संथ लयीतील एकतालाच्या बारा मात्रांचे एक आवर्तन पुरे व्हायला पाऊण मिनिट, कधी त्याहूनही अधिक वेळ लागतो. म्हणजे ते गृहस्थ प्रत्येक समेची तेवढा वेळ वाट पाहत होते आणि ती आली की त्यांच्या व तिच्यामध्ये माझी पाठ येत होती. मी त्यांचे केवळ पाहणे अडवले नव्हते. त्यांचे ऐकणे अडवले होते.

त्यांचे नाव मी विचारले नाही. गर्दीत ते पुन्हा दिसले नाहीत.

घरी आल्यावर दोन्ही रोल धुऊन घेतले. एकूण बहात्तर फोटो. मंद उजेडामुळे प्रत्येक वेळी शटर सेकंदाचा साठावा भाग उघडे ठेवावे लागले होते. सहज हिशेब केला, तर बहात्तर फोटो मिळून मी सव्वा सेकंदाहूनही कमी काळ पकडून आणला होता. त्यासाठी सव्वा तासाचे गाणे मी ऐकलेच नव्हते. राग कोणता होता, हे पत्नीने विचारले तेव्हा मला सांगता आले नाही.

पुढे त्या कॅमेऱ्याच्या रचनेविषयी वाचताना एक गोष्ट कळली, आणि ती मला आजही अस्वस्थ करते. आत आरसा असलेल्या त्या जातीच्या कॅमेऱ्यात भिंगातून आलेले दृश्य आरशावरून आपल्या डोळ्यापर्यंत पोहोचते. कळ दाबताच फिल्मला वाट देण्यासाठी तो आरसा वर उचलला जातो आणि तेवढ्यापुरता डोळ्यापुढे अंधार होतो. म्हणजे ज्या क्षणाचे चित्र निघते, नेमका तोच क्षण चित्र काढणाऱ्याला त्या खिडकीतून दिसत नाही. समेवर आलेला तो हात कॅमेऱ्याला दिसला. मला दिसला नाही. मागच्या गृहस्थांनाही दिसला नाही. एका क्षणाला आम्ही दोघे मुकलो. फरक एवढाच, की मी माझ्या इच्छेने मुकलो आणि त्यांना मी मुकवले.

मग कॅमेरा घरीच ठेवावा काय? इतका सोपा निकाल मला मान्य होत नाही. जे तिथे नव्हते त्यांचाही काही हक्क असतो. सवाई महोत्सवाची सांगता सवाई गंधर्वांची जुनी ध्वनिमुद्रिका ऐकवून करण्याची प्रथा आहे. जुन्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावत असे. तेवढ्यासाठी दिवसभर गाऊन, ऐकून दमलेली माणसे शांत बसतात. एखाद्या यंत्राने तो आवाज जपला नसता, तर ज्यांच्या नावाने हा सोहळा चालतो त्यांचा स्वर आज कोणाच्याही कानी पडला नसता. यंत्र हे अनुपस्थितांचा दूतही असते. जे उशिरा जन्मले, जे आजारी होते, ज्यांना तिकीट परवडले नाही, त्यांच्यासाठी कोणीतरी साक्षीदार राहावे लागते.

पण साक्ष कोणाची आणि कोणाच्या संमतीने, हाही प्रश्न आहेच. उस्ताद अल्लादिया खाँ १९४६ साली गेले; आपला आवाज त्यांनी तबकडीवर उमटू दिला नाही. आपल्याला त्याची हळहळ वाटते, पण तो नकार त्यांचा होता आणि त्याचा मान राखला गेला. त्यांच्या शिष्या, गोव्यातील केरीच्या केसरबाई केरकर यांनी रेडिओवर गाणे सोडून दिले होते. त्यांनी दिलेल्या मोजक्या ध्वनिमुद्रणांपैकी एक भैरवी मात्र १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली. गुरूचा नकार आणि शिष्येची भैरवी, दोन्ही शेजारी ठेवून पाहिली म्हणजे समजते, की जपणे हे नेहमीच पुण्य नसते आणि नाकारणे हा नेहमीच अहंकार नसतो. कलावंत जे देतो तेवढेच घ्यावे. रंगमंचावर बसलेला माणूस आपले गाणे सर्वांना देतो. आपला चेहरा, आपली तंद्री, घामाने भिजलेले कपाळ त्याने दिलेच आहे असे आपण गृहीत धरू नये.

तिसरे ऋण शेजाऱ्याचे, आणि माझ्या मते ते सर्वांत जड आहे. कलावंताला नकार देता येतो, अनुपस्थितांच्या वतीने बोलणारे पुष्कळ असतात. मागे बसलेल्या माणसाजवळ मात्र 'जरा बसता का' एवढेच शब्द असतात. उघड्यावरच्या मैफलीत हे अधिक खरे आहे. बंदिस्त नाट्यगृहात चढती आसने असतात, दारावर माणसे असतात. पटांगणात एकाचे पाहणे दुसऱ्याच्या सौजन्यावरच अवलंबून असते. तिथे प्रत्येक जण कोणाच्या तरी मागे आणि कोणाच्या तरी पुढे बसलेला असतो.

काही छायाचित्रकारांनी हे फार सुंदर रीतीने ओळखले. १९६७ च्या जूनमध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे येथे उघड्यावर संगीत महोत्सव झाला आणि तिथे पंडित रविशंकर यांनी सतार वाजवली. डी. ए. पेनेबेकर यांच्या १९६८ च्या चित्रपटात अखेरचा भाग त्या वादनाचा आहे. तो सुरू होतो तेव्हा पडद्यावर सतार दिसतच नाही. कॅमेरा बराच वेळ श्रोत्यांच्या चेहऱ्यांवरून फिरत राहतो आणि मग कुठे वादकाकडे वळतो. १९६९ च्या ऑगस्टमधील वुडस्टॉक महोत्सवाचे सर्वांच्या स्मरणात राहिलेले एक छायाचित्रही गायकाचे नाही. पहाटेच्या वेळी चिखलाने भरलेल्या रानात एकाच गोधडीत लपेटून उभ्या असलेल्या तरुण जोडप्याचे ते आहे. बर्क उझल हे नामवंत छायाचित्रकार तिथे कोणाच्या नेमणुकीवर गेले नव्हते, कुटुंबासह गेले होते. पुढे १९७० साली निघालेल्या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टणावर ते चित्र झळकले. या दोघांच्या कॅमेऱ्यांना मागे बसलेली माणसे दिसली. माझ्याकडेही चांगला कॅमेरा होता. पण मागे वळून पाहण्याचे मला सुचले नाही. वळलो असतो, तर डोळ्यांनी गाणे ऐकणाऱ्या एका म्हाताऱ्याचा चेहरा मला दिसला असता. त्या रात्रीचे खरे छायाचित्र कदाचित तेच होते.

आता काळ पालटला आहे. नव्या कॅमेऱ्यांत आरसा नसतो, त्यांना आवाज न करताही चित्र टिपता येते आणि रोल संपण्याची चिंता उरलेली नाही. शिवाय प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. एखाद्या उघड्या पटांगणात आवडता कलावंत मंचावर आला, की शेकडो हात वर जातात आणि शेकडो उजळ पडदे मागच्यांच्या डोळ्यांपुढे उभे राहतात. प्रत्येकाला वाटते, माझा एकट्याचा हात कोणाला काय आड येणार? मलाही १९९६ साली तसेच वाटले होते. यंत्राची कुरकुर थांबली म्हणून ते धरणाऱ्याचे ऋण फिटत नाही.

अनुभवाने मी स्वतःपुरते काही नियम केले आहेत. मैफलीला कॅमेरा न्यायचा तर आधी विचारावे. जागा कडेची घ्यावी, जिथून आपली पाठ कोणाच्या वाट्याला येणार नाही. पहिला खयाल हात मांडीवर ठेवून नुसता ऐकावा. ऐकणाऱ्यालाच सम कधी येणार हे कळते. ज्याला ते कळते त्याला बहात्तर फोटो काढावे लागत नाहीत, दोन पुरतात. आणि काढलेले चित्र आपल्याच भिंतीवर न अडकवता ज्याचे आहे त्याच्या हाती पोहोचवावे.

या शेवटच्या नियमापाशी मी अडतो. गायिकेला एक प्रत मी पाठवली. पण त्या छायाचित्रावर ज्यांचा माझ्याहून अधिक हक्क होता, त्यांचे नाव-गाव मी विचारले नव्हते. पुढची काही वर्षे डिसेंबरात पुण्याला जाताना एक प्रत पाकिटात घालून नेत असे. मध्यंतरात चहाच्या रांगेत उभ्या असलेल्या वृद्ध चेहऱ्यांकडे निरखून पाहत असे. ते गृहस्थ काही भेटले नाहीत. वयाचा हिशेब केला तर आता भेटण्याची आशाही उरलेली नाही.

म्हणून छायाचित्र भिंतीवरच आहे. अलीकडे पाहुण्यांनी कौतुक केले की मी त्यांना बसवतो आणि त्या रात्रीची हकिकत सांगतो. चित्रात गायिकेचा हात दिसतो आहे तो माझ्या मागे बसलेल्या एका माणसाला दिसायला हवा होता, हेही सांगतो. ऐकल्यावर बहुतेक जण पुन्हा एकदा उठून त्या चित्राजवळ जातात. या वेळी ते चेहऱ्याकडे पाहत नाहीत, हाताकडे पाहतात.